दिराने आणलेली चौदा पानं

वाचकाचं पत्र

ताई, मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. पोळी-भाजीचे डबे देते. नवरा आणि मी आठ महिने वेगळे आहोत, ते कळव्याला सासूबाईंकडे असतात. गेल्या महिन्यात मावससासऱ्यांच्या घरी समेटाची बैठक होती. चहा यायच्या आतच दिराने पिशवीतून चौदा पानं काढून सगळ्यांसमोर ठेवली. माझ्या मोबाइलच्या तीन महिन्यांच्या कॉलची यादी! एका नंबराभोवती लाल पेनाने गोल केले होते. म्हणाला, "रात्री साडेदहाला ह्या माणसाशी वीस-वीस मिनिटं काय बोलते, विचारा तिला." तो मला भाजी पुरवणारा माणूस आहे. दुसऱ्या दिवशीचा माल रात्रीच ठरतो, सुट्टे पैसे, उधारी, सगळं त्याच फोनवर होतं. पण मी बोलेपर्यंत सगळ्यांचे चेहरे बदलले होते. माझा भाऊ सोबत होता, त्याने दोन पानांचे फोटो काढून घेतले. त्यात मला आलेले कॉलसुद्धा आहेत आणि शेवटच्या रकान्यांत वागळे इस्टेट, माजिवडा असं काहीतरी लिहिलंय. हा नंबर २०१५ साली ह्यांनीच मला घेऊन दिला होता. दीर म्हणतो, कोर्टात हेच लावणार. भाऊ म्हणतो, आपणही ह्यांची यादी काढू, त्याच्या ओळखीतला एकजण पंधरा हजारांत आणून देतो. ताई, हा गुन्हा आहे का? कोर्ट हे मानेल का? आणि मी भावाचं ऐकू का?

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घाई तिथे आहे. भावाचं ऐकू नका. हे वाचून झाल्यावर त्याला फोन करा आणि पैसे दिले नसतील तर देऊ नकोस म्हणून सांगा. तो तुमच्या मायेपोटीच करतोय, पण आज ह्या प्रकरणात तुम्ही फिर्यादी होऊ शकता. ती पंधरा हजारांची यादी घरात आली की तुम्हीही आरोपी होऊ शकता.

ठाण्यात राहणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायला नको. २०१८ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने कॉलच्या याद्या विकणारी साखळी पकडली होती. त्यात खासगी गुप्तहेर अटकेत गेले. याद्या कोणासाठी काढल्या हेही तपासात निघालं आणि ज्यांनी त्या मागवल्या त्यांनाही पोलिसांपुढे बसावं लागलं. तुमच्या भावाच्या "ओळखीतल्या एकजणा"चा फोन उद्या जप्त झाला तर त्यात भावाचा नंबर सापडेलच.

आता त्या चौदा पानांकडे येऊ. भावाने दोन फोटो काढले, हे त्या बैठकीतलं सर्वांत शहाणपणाचं काम झालं. कॉलच्या यादीचे दोन प्रकार असतात आणि लोक दोन्हींना "कॉल डिटेल" म्हणतात. पहिला म्हणजे पोस्टपेडच्या बिलासोबत येणारा तपशील. त्यात तुम्ही केलेले कॉल, तारीख, वेळ, किती वेळ बोललात आणि आकार किती, एवढंच असतं. प्रीपेडवाल्यांनाही तो मागता येतो. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०१२च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील जास्तीत जास्त पन्नास रुपये घेऊन कंपनीने द्यायचा असतो. दुसरा प्रकार म्हणजे सीडीआर, कंपनीच्या यंत्रणेतली मूळ नोंद. त्यात आलेले आणि केलेले दोन्ही कॉल असतात. हँडसेटचा पंधरा आकडी ओळख क्रमांक म्हणजे आयएमईआय, सिमचा क्रमांक, आणि कॉल सुरू होताना व संपताना फोन कुठल्या टॉवरवर होता हेही असतं. टॉवरच्या सांकेतिक क्रमांकापुढे बऱ्याचदा त्याचा पत्ता छापलेला असतो. तुमच्या फोटोंतले वागळे इस्टेट आणि माजिवडा म्हणजे तेच.

आलेले कॉल आणि टॉवरचे पत्ते ग्राहकाच्या बिलात येत नाहीत. म्हणजे ती पानं तुमच्या नवऱ्याच्या ईमेलवर आलेलं बिल नव्हे, आणि तुमचा फोन हातात घेऊन काढलेली यादीही नव्हे. अर्थात कोणी एक्सेलमध्ये बसून बनवली असेल तर गोष्ट वेगळी. तेही होतं. तुमच्या फोनमधल्या कॉल लॉगशी फोटोतल्या नोंदी ताडून बघा. वेळा आणि मिनिटं जुळली तर मूळ नोंद बाहेर गेली आहे. न झालेले कॉल घुसडलेले दिसले तर तो बनावट कागदाचा मामला आहे आणि दिराला तो जास्त जड जाईल.

मूळ नोंद बाहेर जाते कशी? सरळ मार्ग एकच आहे. तपास करणारे पोलीस किंवा न्यायालय कंपनीकडून ती मागवतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली व्हायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली होतं. २०१३ साली अरुण जेटलींच्या कॉल नोंदी बेकायदा मागवल्याचं उघड झालं. दिल्ली पोलिसांतल्या एका शिपायाने वरिष्ठांच्या अधिकृत ईमेलवरून कंपनीला मागणी धाडली होती. राज्यसभेतला विरोधी पक्षनेता त्यात सापडला म्हणून तेव्हा सगळे जागे झाले. त्याच वर्षी केंद्रीय गृहमंत्रालयाने सूचना काढल्या, की अशी मागणी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच जावी. ठाण्यासारख्या आयुक्तालयात म्हणजे उपायुक्त. म्हणून चोरवाटा साधारण दोनच उरतात. एक तर पोलिसांच्या मागणीत एखादा परका नंबर घुसवला जातो, नाही तर कंपनीतलाच कोणीतरी विकतो. दोन्ही वाटांवर मागणी कधी आली, कोणाच्या नावाने आली, कोणत्या लॉगिनने उघडली, ह्याच्या खुणा राहतात. तपास करायचाच म्हटलं तर दिराच्या पिशवीपासून उगमापर्यंत जाता येतं. म्हणूनच लगेच तक्रार करा असं मी म्हणते.

आता गुन्ह्याचं. दूरसंचार अधिनियम, २०२३ मधलं कलम ४२ तुमच्या कामाचं आहे आणि ते २६ जून २०२४ पासून लागू आहे. परवानाधारक कंपनीच्या डेटापर्यंत विनापरवाना पोहोचणं, पोहोचायचा प्रयत्न करणं किंवा तो डेटा पुढे देणं, मग ते थेट असो की दुसऱ्याचं सोंग घेऊन, ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ह्या डेटात कॉलच्या नोंदी येतात हे कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय, वकिलाला वाद घालत बसायला नको. गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही कायदा सोडत नाही.

सोंग घेण्याचा उल्लेख कायद्यात का, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणावरून समजेल. २००६ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संचालक मंडळातली बातमी फुटत होती. ती कोण फोडतं हे शोधायला नेमलेल्या गुप्तहेरांनी संचालकांच्या आणि पत्रकारांच्या नावाने बोलून टेलिफोन कंपन्यांकडून त्यांच्या कॉलच्या याद्या काढल्या. अध्यक्षबाईंना पद सोडावं लागलं आणि जानेवारी २००७ मध्ये तिथे खास टेलिफोन नोंदींसाठी कायदा झाला, दहा वर्षांपर्यंत कैदेचा. आपल्याकडे "मी त्यांची मिसेस बोलतेय, जरा बिल पाठवा ना" हे इतकं सर्रास चालतं, की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटतच नाही.

तुमच्यासाठी आणखी एक कलम आहे आणि ते पोलीस ठाण्यात आवर्जून सांगा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. एखादा पुरुष स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवत असेल तर तो पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. रस्त्यात मागे मागे फिरणं एवढाच पाठलाग नव्हे. "घरचं भांडण आहे, आपसांत मिटवा" म्हणून तुम्हाला परत पाठवायला निघालेल्या ठाणे अंमलदारापुढे हे कलम उपयोगी पडतं.

आता तुम्ही पत्रात ओघात लिहिलेलं एक वाक्य. "हा नंबर ह्यांनीच मला घेऊन दिला होता." ताई, ह्या एका वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले. त्या वेळी कागद कोणाचे दिले होते? तुमचं आधार की ह्यांचं? आपल्याकडे बायकोचं सिम नवऱ्याच्या नावावर, आईचं मुलाच्या नावावर, असं घराघरांत असतं. दुकानात गेला त्याचे कागद लागले, संपलं. अकरा वर्षं तुम्ही तो नंबर वापरलात, डब्यांच्या पाटीवर छापलात, पण कंपनीच्या दप्तरी ग्राहक दुसराच असू शकतो. आणि ग्राहक म्हणून जे हक्क आहेत ते दप्तरातल्या नावाला मिळतात.

आज दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमचा नंबर आणि ओटीपी टाका. त्या सिमधारकाच्या नावावर कोणकोणते मोबाइल नंबर आहेत ते तिथे दिसतं. यादीत नवऱ्याचा नंबर निघाला तर समजा, तुमचंही सिम त्यांच्या नावावर आहे. शंका राहिली तर कंपनीच्या गॅलरीत आधार घेऊन जा आणि विचारा.

सिम तुमच्या नावावर असेल तर प्रश्नच नाही. त्यांच्या नावावर असेल तर दीर नक्की म्हणणार, "आमचाच नंबर, आमचीच यादी." तिथे गडबडून जाऊ नका. कलम ४२ मध्ये कंपनीच्या डेटाचा उल्लेख आहे, ग्राहकाच्या मालकीचा नाही. सिमधारकालासुद्धा टॉवरच्या पत्त्यांसकट मूळ नोंद काउंटरवर मिळत नाही. ज्या वाटेने ती आली ती वाटच बंद आहे, मग सिम कोणाच्याही नावावर असो. माझ्या मते तक्रार तरीही उभी राहते. मात्र कंपनीकडे ग्राहक म्हणून जाब विचारणं तुम्हाला कठीण जाईल आणि आपला वापराचा तपशील पन्नास रुपयांत मागणंही.

तक्रार लेखीच द्या. तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात, किंवा ठाणे आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर विसंबून राहू नका. अर्जात बैठकीची तारीख, जागा, हजर असलेल्यांची नावं, पानं कोणी काढली, काय म्हणाला, हे जसं घडलं तसं लिहा. "माझ्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले" वगैरे चार ओळी लिहायचा मोह होईल, पण तपास अधिकाऱ्याला त्या फोटोंमधले रकाने जास्त कामाचे आहेत. फोटो भावाच्या मूळ फोनमध्येच राहू द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीवर भागवू नका. दखल घेतली नाही तर उपायुक्तांकडे लेखी अर्ज, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. एफआयआर झाला तर त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

कंपनीलाही एक ईमेल करा. "माझ्या नंबराच्या नोंदी अमुक ते अमुक काळात कोणाला दिल्या?" उत्तर बहुधा गोलमोल येईल. येऊ दे. तक्रार क्रमांक घ्या, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जा. तुम्ही वेळेत विचारलं होतं हे कागदावर राहतं. नुकसानभरपाईचा वेगळा रस्ता माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आहे, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे. पण तो आत्ता नको. एका वेळी एकच आघाडी.

कोर्ट मानेल का, ह्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. "चोरून आणलेला पुरावा कोर्ट फेकून देतं" हे सिनेमातलं आहे. मुंबईच्या कॉरोनरवरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरच्या, लाचेच्या खटल्यात, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगितलं की पुरावा गैरमार्गाने आला एवढ्यावरून तो बाद होत नाही, तो प्रकरणाशी संबंधित आहे का हे बघायचं. कौटुंबिक न्यायालयाला तर १९८४च्या कायद्याच्या कलम १४ने आणखी मोकळीक दिलेली आहे. वाद सोडवायला मदत होईल असं वाटलं तर ते कुठलाही कागद बघू शकतं. जुलै २०२५ मध्ये विभोर गर्ग विरुद्ध नेहा ह्या प्रकरणात पती-पत्नीच्या संभाषणाचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात वापरता येईल, असंही सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. दिराच्या डोक्यात हेच कोणीतरी भरवलेलं दिसतं.

पण तो निकाल नवरा-बायकोने आपल्याच संभाषणाच्या केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल होता. दिराने तिसऱ्याकडून विकत आणलेल्या यादीला त्याने आशीर्वाद दिलेला नाही. शिवाय कोर्टाने कागद वाचला म्हणून तो मिळवण्याचा गुन्हा माफ होत नाही, ती दोन वेगळी खाती आहेत. आणि खरी गंमत पुढे आहे. संगणकातून काढलेली नोंद पुरावा म्हणून लावायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. कुठल्या यंत्रणेतून निघाली, कोणाच्या ताब्यात होती, हे सही करून सांगायचं. ती सही कोण करणार? कंपनीचा माणूस करणार नाही, कारण कंपनीने ती दिलेलीच नाही. दिराने केली तर तुमच्या फौजदारी तक्रारीतलं अर्धं काम त्यानेच केलं म्हणायचं. एखादा जाणता वकील त्याला ही पानं दाव्यात लावू देईल असं मला वाटत नाही. बैठकीत माणसांसमोर फडकवायला ती ठीक असतात.

कायदेशीर वाट त्यांनाही मोकळी आहे, तशी तुम्हालाही. दावा दाखल झाल्यावर न्यायालयाकडे अर्ज करून कंपनीकडून नोंदी मागवता येतात. न्यायालयं त्याला सरसकट होकार देत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, पत्नीचा मित्र म्हणून संशय घेतलेल्या तिसऱ्या माणसाचं टॉवर लोकेशन मागवायला नकार दिला, त्याची खासगी बाब म्हणून. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात पतीच्या कॉल नोंदी मागवण्याचा आदेश कायम ठेवला. प्रकरणागणिक वजन बदलतं. कंपन्यांना ह्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, तेव्हा तुमच्या वकिलाला वाटलं की नवऱ्याच्या नोंदी खरंच लागणार आहेत, तर भावाच्या पंधरा हजारांपेक्षा हा अर्ज स्वस्त पडेल.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर कोर्ट नाक्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. डब्यांचा धंदा चालतो म्हणून तुम्हाला कोणी परत पाठवणार नाही.

तुम्ही पत्रात दीड पान भाजीवाल्याबद्दल लिहिलं होतंत, मी ते वर छापताना कापलं. ते मला सांगायची गरज नव्हती. पुढच्या बैठकीतही सांगू नका. तुम्ही खुलासा करायला लागलात की प्रश्न "यादी कुठून आली" ह्यावरून "रात्री साडेदहाला काय बोलत होतीस" ह्यावर सरकतो आणि दिराला तेच हवंय. मावससासऱ्यांना एवढंच म्हणा, "काका, ही पानं कुठून आणली ते त्याला विचारा. मग पुढचं बोलू." कॉलची यादी कितीही वेळ समोर ठेवली तरी त्यातून बोलणं काय झालं ते दिसत नाही, फक्त नंबर आणि मिनिटं दिसतात, हे काकांनाही कळतं.

राहता राहिला नंबर. तो नवऱ्याच्या नावावर निघाला तर आपल्या नावावर करून घ्यायला त्यांची लेखी संमती लागते, आणि नुसतं पोर्ट केल्याने, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलल्याने, नाव बदलत नाही. ते संमती देतील असं दिसत नसेल तर स्वतःच्या आधारवर नवं सिम घ्या. जुनं मात्र लगेच फेकू नका. ज्याच्या नावावर सिम आहे तो गॅलरीत जाऊन डुप्लिकेट काढू शकतो आणि मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्या हातात जातात. म्हणून आधी बँकेत जाऊन नवा नंबर जोडा आणि यूपीआय नव्या नंबरावर सुरू करा. मग आधार, गॅस, मुलांची शाळा. जुन्या हँडसेटमध्ये ह्यांचं गूगल खातं लॉगिन राहिलं असेल तर ते काढा, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये कुठला संगणक जोडलेला दिसतो का तेही बघा. डब्याच्या गिऱ्हाइकांना नवा नंबर डब्यावर चिठ्ठी चिकटवून कळवा, आणि जुना नंबर दोन-तीन महिने नुसते फोन घेण्यापुरता चालू ठेवा.